जर्मन काकू

जर्मन काकू गाडी चालवताना अखंड बोलत असत. रेडिओ बंद, दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर रस्त्यावर आणि तोंड चालू. "सिग्नल लाल आहे. पुढे पाण्याचा टँकर, गळतोय मेला. डावीकडे नवीन दुकान झालंय, पाटी हिरवी. डोंगर आज जांभळा दिसतोय हो, काल धुळीत दिसलाच नव्हता." पहिल्यांदा त्यांच्या गाडीत मागे बसणाऱ्याला वाटायचं, बाईंना एकटीनं बडबडायची सवय दिसते. मग लक्षात यायचं, शेजारच्या सीटवरचे काका मान कलती करून सगळं ऐकताहेत आणि मध्येच विचारताहेत, "दुकान कसलं गं?" काकांना दिसत नव्हतं. काकू त्यांना मस्कत दाखवत होत्या.

वादी अदाईतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये त्या तळमजल्यावर आणि मी त्यांच्या वर. मी लग्न होऊन नुकतीच आलेली. नवरा दुकमला साइटवर, सुट्टी मिळेल तेव्हा घरी. काकू मूळच्या गुहागरच्या. त्यांना मूलबाळ नव्हतं, त्याचं त्या कधी काही बोलल्या नाहीत. नाव पडलं ते गाडीवरून. सायीच्या रंगाची, लांब बॉनेटची जुनी जर्मन गाडी, बॉनेटच्या टोकाला उभा तारा. बिल्डिंगमधली पोरं आपापसात इंग्रजीत बोलत, ती त्यांना 'जर्मन आंटी' म्हणायची. आम्ही मोठ्यांनी त्याचं 'जर्मन काकू' केलं. काकूंना ते नाव आवडायचं. "गुहागरची मी, ओमानात राहते आणि म्हणे जर्मन! तिन्ही लोक फिरून झाले की माझे."

काका वादी कबीरच्या एका गॅरेजमध्ये होते. तिथं फक्त ह्याच जर्मन गाड्या यायच्या. मालक म्हातारा ओमानी, सगळे त्याला अर्बाब, म्हणजे मालक, असंच म्हणत. काकांची ती जुनी गाडीही त्यानंच त्यांना वापरायला दिलेली. काकांच्या डोळ्यांत काचबिंदू शिरला आणि दोन्ही बाजूंनी अंधार पुढे सरकत गेला. डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली, तेव्हा काका स्वतःच अर्बाबकडे गेले आणि म्हणाले, आता मला सोडा, मी देशी जातो. अर्बाबनं त्यांच्यापुढे स्टूल सरकवलं. मग म्हणाला, "आँख गया, कान गया क्या? इंजिन का आवाज कौन सुनेगा? तुम आओ. बैठो. सुनो." मग प्रश्न राहिला तो एवढाच, की काकांनी रोज सकाळी गॅरेजला पोचायचं कसं. रोज कुणाच्या उपकारावर जायला काका तयार नव्हते. तेव्हा काकू म्हणाल्या, "मी शिकते."

पन्नाशी उलटलेली बाई. देशात सायकलसुद्धा चालवलेली नाही. ओमानात लायसन्स म्हणजे भल्याभल्यांच्या तोंडाला फेस. त्यातही त्या वेळची ड्रम टेस्ट, म्हणजे पिंपांच्या मधून गाडी उलटी न्यायची, एकाही पिंपाला न शिवता. काकू दर खेपेला एक तरी पिंप पाडायच्या. परीक्षा घेणारा पोलीस त्यांना ओळखायला लागला. "मामा, फिर आया?" असं तो हसून विचारायचा, तिकडे वयस्क बाईला मामाच म्हणतात, आणि काकू तोंड पाडून घरी यायच्या.

एका शुक्रवारी सकाळी मी गॅलरीतून खाली पाहिलं आणि कठडा धरून तिथंच उभी राहिले. मागच्या मोकळ्या आवारात काका हात बाजूला सोडून ताठ उभे होते आणि काकू गाडी उलटी घेत त्यांच्याच दिशेनं येत होत्या.

"मी पिंप आहे," काका ओरडून सांगत होते. "ये मागे. अजून ये."

"अहो, धडकवीन हो मी तुम्हाला!"

"पिंपाला काय कळतंय? पिंप कधी बाजूला होतं का? ये तू!"

काकूंनी मध्येच गाडी थांबवली. स्टिअरिंगवर डोकं टेकून रडल्या. काका जागचे हलले नाहीत. रडण्याचा आवाज थांबला तसं फक्त म्हणाले, "झालं रडून? मग डावीकडून पुन्हा घे. मघाशी चाक फार लवकर वळवलंस, मला ऐकू आलं." त्या दिवशी गाडी त्यांच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर येऊन थांबली. काकांनी हात पुढे करून डिकी चाचपली आणि समाधानानं मान हलवली. आंधळ्या माणसानं आपलं शरीर बायकोच्या शिकण्यासाठी असं उभं करावं, हे मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. पुढच्या खेपेला एकही पिंप पडलं नाही. तो पोलीसच टाळ्या वाजवत होता, असं काकू सांगायच्या. त्यात थोडी भर असेल, पण असू दे.

त्या गाडीच्या कंपनीचा इतिहास हा काकूंचा दुसरा संसार होता. काका रोज संध्याकाळी थोडा थोडा सांगायचे आणि काकू तो हळदीकुंकवाला आम्हा बायकांना सांगायच्या. सगळ्यांत आवडती गोष्ट संस्थापकाच्या बायकोची. त्याने जगातली पहिली मोटार बनवली, तीन चाकांची. लोक बघून हसायचे, विकत कुणी घेईना. बायकोनं आपल्या माहेरचा पैसा त्यात घातलेला. नवरा हुशार पण भित्रा, दूर कुठं गाडी न्यायचं नाव घेईना.

"मग ही काय करते?" काकू हळदीची कुयरी खाली ठेवून म्हणायच्या. "एका पहाटे नवऱ्याला न सांगता दोन्ही मुलं घेते, गाडी बाहेर काढते आणि निघते थेट माहेरी! रस्ते घोडागाडीचे. पेट्रोलपंप हा शब्दच जन्मलेला नाही. इंधन संपलं, तर औषधाच्या दुकानात शिरली. कपड्यांचे डाग काढायचं औषध असतं ना, ते होतं नव्हतं तेवढं सगळं घेतलं आणि टाकीत ओतलं. नळी तुंबली, टोपीची पिन काढून मोकळी केली. ब्रेक झिजले, तर चांभाराकडे थांबून त्यांना चामडं ठोकून घेतलं. चढ आला की मुलं ढकलायची. माहेरी पोचली आणि मग नवऱ्याला तार केली, सुखरूप आहे म्हणून!"

"आणि नवरा?" कुणीतरी हटकून विचारायचं.

"नवऱ्याला तेव्हा कळलं, आपण काय बनवलंय ते," काका आतल्या खोलीतून म्हणायचे.

 आम्ही सगळ्या जणी कुणाच्या ना कुणाच्या व्हिसावर ओमानात आलेल्या. खिडकीखाली ती सायीच्या रंगाची गाडी उभी असायची. एका बाईनं हिंमत केली म्हणून ह्या गाड्यांचा वंश वाढला, हे मनात यायचं आणि गाडीकडे पुन्हा बघावंसं वाटायचं. ताऱ्याची तीन टोकं म्हणजे जमीन, पाणी आणि आकाश, गाडीला नाव मिळालं ते एका व्यापाऱ्याच्या लहान मुलीचं, हेही काकूंनीच सांगितलेलं.

एकदा तिसऱ्या मजल्यावरची शाळेत जाणारी मुलगी काकूंकडे आली. शाळेच्या प्रोजेक्टसाठी तिनं ह्याच कंपनीवर वाचलं होतं. अडखळत्या मराठीत म्हणाली, "आंटी, त्यांनी ना, वॉरमध्ये, प्रिझनर्सना फोर्स करून काम करवलं. खूप लोकांना. तुम्ही ते सांगत नाही." काकू चपापल्या. संध्याकाळी काकांना विचारलं, तर काका म्हणाले, "खरं आहे. कंपनीनं नंतर स्वतः ते शोधून काढलं आणि कबूलही केलं. तुझी गोष्ट बिघडेल म्हणून मी बोललो नाही." काकू चिडल्या. त्यांना चिडलेलं मी तेव्हाच पाहिलं. "मी काय लहान मूल आहे? एवढं मोठं घर, तर त्याच्या अंगणात काय काय पुरलंय ते नको कळायला?" त्यानंतर त्या गोष्ट सांगायच्या तेव्हा शेवटी हेही सांगायच्या. आवाज खाली यायचा, पण सांगायच्या. ऐकणारीला वाटे, आता गाडीचं तेज कमी होईल. मला तसं कधी वाटलं नाही. उलट काकूंबद्दलच आदर वाढला.

मग एका हिवाळ्यात काकांची तब्येत ढासळली. हृदय थकलं होतं. काकूंनी मला सकाळी सकाळी हाक मारली, "चल, सिनावला जायचंय. डबा मी घेतलाय." कशाला, ते सांगितलं नाही. वाळवंटाकाठच्या सिनाव गावाच्या पुढे दूरवर सपाट माळ पसरलेला आहे. ना झाड, ना भिंत, ना खड्डा. काकूंनी गाडी रस्त्यावरून उतरवून माळावर घेतली आणि बंद केली. आधी एकट्या चालत पार लांबवर जाऊन जमीन पाहून आल्या. मग काकांचं दार उघडून म्हणाल्या, "उतरा. इकडच्या बाजूला या."

काकांना समजायला एक क्षण लागला. मग त्यांनी दाराची कड घट्ट धरली. "अगं, वेडी आहेस का?"

"कुणी नाहीये इथं. तुम्ही पिंप झालात ना माझ्यासाठी? मग आता मी डोळे होते."

काका बॉनेटला हात लावत लावत पुढून फिरले आणि स्टिअरिंगमागे बसले.  हात जिथं जायला हवे तिथं आपोआप गेले. इंजिन सुरू झालं, तसं ते काही वेळ नुसतं ऐकत राहिले. मग गाडी निघाली, आधी चालीनं, मग वेगानं.

"सरळ," काकू म्हणाल्या. "सरळच. समोर काही नाही. अजून काही नाही. नुसतं आभाळ."

"वाढवू?"

"वाढवा."

मागच्या सीटवर मी दोन्ही मुठी आवळून बसले होते. दगडगोटे खाली तडतडत होते. आरशात मला काकांचा चेहरा दिसला. मिटल्यासारख्या डोळ्यांचा, पण असा उजळलेला चेहरा मी देवळातसुद्धा पाहिलेला नाही. मध्येच काकू शांतपणे म्हणाल्या, "अहो, उंट आहेत. सावकाश थांबा." काका थांबले. उंट खरं तर कितीतरी लांब होते. काकांनी इंजिन बंद केलं, स्टिअरिंगवर तळवा फिरवला आणि म्हणाले, "बास. आता काही राहिलं नाही." काकूंनी डबा उघडला. आम्ही त्या माळावर बसून थालीपीठ आणि लोणी खाल्लं. उंट जवळ येऊन आमच्याकडे बघत उभे राहिले.

काका गेले ते थंडी संपायच्या आत, झोपेतच. देशी न्यायचं का, असं सगळ्यांनी विचारलं. काकू म्हणाल्या, "त्यांचं आयुष्य इथं गेलं, इथंच होऊ दे." सोहारच्या स्मशानात न्यायचं ठरलं. पुढे शववाहिका आणि मागे काकू, स्वतः गाडी चालवत. लोकांनी समजावलं, दुसरा कुणी चालवेल म्हणून. अर्बाबच म्हणाला, "नहीं. मामा चलाएगा," आणि काठी टेकत मागच्या सीटवर जाऊन बसला. मी काकूंच्या शेजारी. सोहारपर्यंतच्या त्या लांब सरळ रस्त्यावर त्यांनी शववाहिकेपासूनचं अंतर एकदाही कमी-जास्त होऊ दिलं नाही. अर्बाबच्या हातातली माळ फिरत होती. अग्नी काकूंनीच दिला. परतताना रस्त्याकडेच्या टपरीवर अर्बाबनं आम्हाला थांबवलं, स्वतः जाऊन कडक चहाचे कप आणले आणि काकूंच्या हातात कप देता देता तो म्हातारा माणूस हमसून रडायला लागला. मग काकूंनीच त्याची पाठ थोपटली.

व्हिसा संपत आला तसं त्यांनी घर आवरलं. गाडी अर्बाबला परत दिली, आता त्याची नात ती घेऊन कॉलेजला जाते. काकू गुहागरला गेल्या. मला वाटलं होतं, आता त्या पोथी वाचतील, नारळ मोजतील. पण त्यांनी एक जुनी जीप घेतली, देशी, ठोकळ्यासारखी. गावातल्या आजारी माणसांना त्या चिपळूणच्या दवाखान्यात पोचवतात. लोक बोलावतात आणि काकू निघतात.

परवाच त्यांचा फोन आला. आवाज धापा टाकत होता, पण आनंदानं.

"अगो, ऐकलंस का? आज वाडीतली एक दिवस भरलेली सून घेऊन निघाले होते. अर्ध्या वाटेत तिला धीर निघेना. मी जीप झाडाखाली घेतली, हँडब्रेक ओढला. तिची सासू होती मागे, मी पण गेले. आणि काय सांगू तुला, एवढासा मुलगा! असा रडला की झाडावरचे कावळे उडाले."

"मग?" मी विचारलं. 

"मग काय? त्याला पदरात गुंडाळून आजीच्या मांडीवर दिलं आणि पुढे बसले. दवाखाना गाठायचा होता ना! निघताना मागे दोघी होत्या, पोचताना तिघं उतरली."