आमच्या साडूंनी सोडलेली दारू

दारू सोडावी तर आमच्या साडूंनी. दिल्लीत माणसं नोकऱ्या सोडतात, पक्ष सोडतात, चालती दुकानं सोडून परदेशी जातात. पण साडूंनी ज्या थाटात दारू सोडली, त्या थाटात कोणी काही सोडलेलं मी पाहिलेलं नाही. दिल्लीजवळ मानेसरला गाड्यांच्या सुट्या भागांचे कारखाने तेव्हा नुकतेच उभे राहत होते. परदेशी साहेब यायचे, पार्ट्या व्हायच्या, आणि आपल्या कंपनीच्या पाहुण्यांची सरबराई करता करता माझ्या मेहुणीचे हे यजमान स्वतःच दोघांच्या खांद्यांवरून घरी यायचे. शेवटी ते एका व्यसनमुक्ती केंद्रात राहिले आणि बरे होऊन दिल्लीतल्या द्वारकेच्या घरी परतले, तेव्हा त्यांच्याकडेच राहणाऱ्या सासूबाईंनी दारात त्यांना ओवाळलं. जन्मात थेंबालाही न शिवलेला थोरला जावई, म्हणजे मी, शेजारीच उभा होतो. माझ्या हातात त्यांची बॅग होती.

त्यानंतर साडू व्यसनांचे वैद्यच झाले. संध्याकाळ झाली की सोसायटीतले लोक त्यांच्या गॅलरीत येऊन बसायचे. गुटखा असो, पत्ते असोत, नाहीतर नव्यानंच लागलेला शेअर बाजार, साडूंचा पहिला प्रश्न एकच: "आठवण कधी येते?" सासूबाई दातांना मिसरी लावायच्या. त्यावर मी वर्षानुवर्षं भाषणं दिली होती. साडूंनी नुसतं विचारलं. "दुपारी," सासूबाई म्हणाल्या, "सगळे कामाला गेले की घर खायला उठतं हो." झालं. दुसऱ्या दिवसापासून शेजारची पंजाबी आंटी दुपारी विणकाम घेऊन येऊ लागली. दोघी एकमेकींच्या भाषेचे हाल करत बसायच्या, आणि दिवाळीपर्यंत मिसरीच्या डबीत स्वेटरची बटणं आली. "व्यसन काढलं की तिथे खड्डा पडतो, साडूभाऊ," ते मला म्हणाले, "त्यात दुसरं काहीतरी भरावं लागतं."

"मी तेच तर सांगत होतो."

"तुम्ही कॅन्सरचे फोटो दाखवत होतात," बायको म्हणाली.

एकदा त्यांनी मलाही तपासलं. "चहा?" "दोन कप." "पत्ते? लॉटरी?" "नाही." "बिल्कुल काहीच नाही?" त्यांच्या चेहऱ्यावर अशी काही करुणा दाटली की मला माझीच लाज वाटली. घरी आल्यावर बायकोला म्हणालो, "मीही सुरू करून सोडू का?" भाजी चिरता चिरता ती म्हणाली, "सोडाल हो. सुरू करणंच जमायचं नाही तुम्हाला."

मग मेहुण्यानं पंजाबी मुलीशी लग्न केलं. गुडगावच्या फार्महाउसवर रिसेप्शन होतं, आणि स्टेजच्या समोरच बार. ढोल सुरू झाला आणि साडू दिसेनासे झाले. सासूबाईंचा चेहरा उतरला, मेहुणी तडक बारकडे गेली. मी पार्किंगकडे गेलो. साडू माझ्या गाडीला टेकून उभे होते. गाडीचा आरसा घट्ट धरून ठेवला होता, पण तोंडाला वास नव्हता.

"थांबा, सगळ्यांना बोलावतो," मी म्हणालो.

"नको, यार." एरवी मला कधी यार म्हणत नसत. "ते धीर द्यायला लागतात, मग त्यांच्यासाठी मला बरं दिसावं लागतं. सगळ्यांना माझी कीव येते हो. तुम्ही एकटेच माझ्यावर जळता. फार बरं वाटतं."

मी गाडीचं दार उघडलं. ढोल थांबेपर्यंत आम्ही दोघं काचा वर करून आत बसून राहिलो.

जेवताना सासूबाईंनी साडूंच्या प्लेटमध्ये आपल्या हातानं जास्तीचा गुलाबजाम ठेवला. "बिचारे एकटेच बाहेर बसले होते," त्या मला सांगू लागल्या. साडू तोंड उघडणार, तोच मी टेबलाखाली त्यांचा पाय दाबला.

पुढे कंपनीनं त्यांना पुण्याला पाठवलं. तिथेही म्हणे त्यांच्याकडे लोकांची रीघ असते, सत्कार होतात, शाली मिळतात. मिळोत. पण त्या एवढ्या गर्दीत त्यांच्यावर मनापासून जळणारं कोणी आहे की नाही, कोण जाणे.