गाळलेली पानं

माझ्या सासूबाई ओब्दुलिया यांनी जन्मभर पुस्तकं ऐकली, वाचलं मात्र एकही नाही. अक्षरओळख नाही असं नाही. रेशनच्या दुकानाबाहेरची पाटी त्या माझ्याआधी वाचतात आणि काय संपलंय ते मला सांगतात. पण पुस्तक ही त्यांच्या मते कानाने घ्यायची गोष्ट. एकटंच कोपऱ्यात बसून मनातल्या मनात वाचणारा माणूस त्यांना आप्पलपोटा वाटतो.

यात त्यांचा दोष नाही. आमच्या गावात सिगारचा कारखाना आहे. कारखान्याच्या मोठ्या दालनात बाकांच्या रांगा, आणि रांगांसमोर उंच ओट्यावर वाचकाची खुर्ची. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी कादंबरी. खाली सगळे तंबाखूची पानं वळतात आणि ऐकतात. कुठलं पुस्तक लावायचं ते कामगारच हात वर करून ठरवतात. प्रत्येकाजवळ पान कापायचं एक बिनमुठीचं अर्धगोल पातं असतं, त्याला चावेता म्हणतात. वाचन आवडलं की सगळे चावेत्याने फळीवर ठोकतात. नाही आवडलं की चावेता जमिनीवर सोडून देतात. खणकन. त्या आवाजाने भल्याभल्या वाचकांची बोबडी वळलेली आहे.

ओब्दुलिया पोरवयात त्या बाकावर बसल्या, त्या बोटांचे सांधे आखडेपर्यंत उठल्याच नाहीत. दुपारी ऐकलेली गोष्ट संध्याकाळी घरी यायची. माझी बायको मारित्सा त्या गोष्टींवरच वाढली. मी तिला मागणी घालायला गेलो तेव्हा सासूबाईंनी मला पगार विचारला नाही. त्या आठवड्यात कारखान्यातल्या कादंबरीत कोणी जमीनदार आपल्या बायकोला माडीवर कोंडून ठेवत होता. मला म्हणाल्या, "तू तिचा भाऊ असतास तर काय केलं असतंस?"

मी म्हणालो, "आधी विचारलं असतं, माडी बांधायला सिमेंट कुठून मिळालं?"

त्या इतक्या हसल्या की लग्न तिथेच ठरलं. मी पुस्तकातला माणूस नाही हेही तिथेच ठरलं. मी बस चालवतो. बसच्या पाटीपलीकडे वाचायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

ती या वर्षी आली. जानेवारीत सासूबाई निवृत्त झाल्या. चावेता तेवढा फडक्यात गुंडाळून घरी आणला. माझ्या बसला डिझेल मिळेना, म्हणून ती आगारात आणि मी घरात. मारित्सा दवाखान्यात परिचारिका आहे, आमची मुलगी दायमी शाळेत. तेव्हा दुपारी आईला वाचून दाखवायचं काम साहजिकच माझ्या गळ्यात पडलं. मारित्साने सगळी व्यवस्था लावली. पडवीत झुलती खुर्ची, पाठीला उशी, पाय ठेवायला स्टूल. "आई, जन्मभर हात चालवलेस, आता नुसतं बसायचं. एका काडीला हात लावायचा नाही."

सासूबाई हात मांडीवर ठेवून बसल्या आणि मी वाचायला लागलो. पाचव्या पानावर त्यांची मान कलली.

दुसऱ्या दिवशीही तेच. आधी मला वाटलं, माझंच वाचन रटाळ. पण संध्याकाळी मारित्साने विचारलं, "काय झालं गं गोष्टीत?" तर सासूबाई चाचपडायला लागल्या. मग कुणाचं नाव कुणालाच लावलं, बापाला नवरा करून टाकलं. जी बाई वीस वर्षांपूर्वीच्या कादंबरीतल्या कुत्र्याचंही नाव सांगायची, तिला कालची गोष्ट आठवेना. पुढे कॉफीचं भांडं स्टोव्हवर विसरलं, पार जळून गेलं. मारित्साचा चेहरा उतरला. तिची मावशी याच वाटेने गेली होती. शेवटी तिला आरशातली बाईसुद्धा ओळखू येत नव्हती.

मारित्साने शहरातल्या मेंदूच्या डॉक्टरांची तारीख घेतली. चावेता कपाटावर ठेवून दिला, लागेल-बिगेल म्हणून. आणि आम्ही सगळे सासूबाईंशी लहान मुलाशी बोलावं तसं बोलायला लागलो. मीसुद्धा. ज्या बाईने मला शब्दागणिक टोमणे मारले तिला मी विचारायचो, "सूप घेणार ना, सासूबाई? शहाण्या ना तुम्ही?"

एकदा त्यांनी माझं मनगट धरलं. म्हणाल्या, "एलिओ, वाचलेलं माझ्यात थांबत नाही रे. इकडून येतं, तिकडून जातं. मी रिकामी होत चाललेय का?"

"छे हो. वय झालं म्हणजे होतं थोडं," मी म्हणालो, आणि मान खाली घालून पान शोधत बसलो. ते माझ्या हातातच होतं. मला भीती वाटत होती. आई माझी लवकर गेली. या घरात मला आईसारखं दटावणारं दुसरं कोणी नव्हतं.

मार्चमधली गोष्ट. मारित्साने मला तांदूळ निवडून ठेवायला सांगितला होता. आमच्याकडे रेशनच्या तांदळात खडेही भरपूर मिळतात, ते बाजूला न काढता भात लावला तर दात जातो. मला त्या कामाचा मनस्वी कंटाळा. शिवाय दोन वाजता रेडिओवर बेसबॉलचा सामना. मी विचार केला, कशाला उगाच. तांदळाचं ताट सासूबाईंच्या मांडीवर ठेवलं, पलीकडे खड्यांसाठी पत्र्याचा मग दिला, आणि दुसऱ्या हाताने पुस्तक उघडलं. मारित्साला कळलं असतं तर माझी धडगत नव्हती.

वाचता वाचता दोन वाजत आले. मी हळूच चिमटीत पाच-सहा पानं धरून एकदम उलटली. ऐकणारं कोण होतं?

पत्र्याचा मग जमिनीवर पडला.

मला वाटलं, आखडलेली बोटं, सुटला असेल. मी उचलून दिला. दोन ओळी वाचल्या. पुन्हा खणकन. आता मी पाहिलं, तर सासूबाईंचा हात अजून हवेत होता आणि नजर थेट माझ्यावर.

"घोडा कुठे गेला?" त्या म्हणाल्या.

"कसला घोडा?"

"मघाशी तो विहिरीपाशी घोडा बांधून आत गेला. आता बाहेर आला तो पायी चाललाय. घोडा काय विहिरीत पडला? पानं गाळलीस तू, एलिओ. कारखान्यात आमचा सेल्सो वीस वर्षं वाचत होता, तापात वाचत होता, एक ओळ गाळली नाही त्याने. तुला लाजबिज काही आहे का?"

मला लाजबिज काही नव्हती. मी उठून त्यांच्या कपाळाचा मुका घेतला. मग आणखी विचारलं, आणि त्या सांगत गेल्या. विहिरीजवळच्या बाईच्या शालीचा रंग, नोकराने मारलेली थाप, सगळं. बोटं तांदळात फिरत होती आणि खडा दिसला की थांबून पुन्हा चालायला लागत होती. मी हळूच ताट काढून घेतलं, एक पान वाचलं, विचारलं. त्या चाचरल्या. ताट परत दिलं, वाचलं, विचारलं. घडाघडा उत्तर.

आम्ही दोघं त्या ताटाकडे बघत राहिलो.

"हात बसले की कानही बसतात माझे," सासूबाई अगदी हळू म्हणाल्या. "तुम्ही मला आराम दिलात रे. आरामानेच जात होते मी."

मारित्सा घरी आली ती आधी तांदळाचं ताट आईच्या मांडीवर बघून माझ्यावर भडकली. मग ऐकून घेतलं, आणि तिथेच पायरीवर बसून रडली. सामना आमचा संघ हरला हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

शहरातल्या डॉक्टरीणबाई भल्या निघाल्या. मी सोबत नेलेली काळ्या घेवड्याची पिशवी त्यांनी टेबलावर ओतू दिली. सासूबाई निवडत होत्या आणि त्या प्रश्न विचारत होत्या. शेवटी म्हणाल्या, "वयाचा विसर आहे, तो राहणार. बाकी हे निवडण्याचं औषध चालू ठेवा. पण दर महिन्याला लक्ष ठेवा. काही बदललं तर लगेच या."

आमच्या घरात पुस्तकांचं वर्ष सुरू झालं ते तिथून. चावेता कपाटावरून खाली आला आणि सासूबाईंच्या उजव्या हाताशी बसला. जेवणाच्या टेबलावर कारखान्याचे नियम लागू झाले. पुस्तक हात वर करून ठरायचं. दायमीला भुतांच्या गोष्टी हव्या असायच्या, मारित्साला प्रेमाच्या, मला कसल्याच नाही, म्हणून माझं मत दोघी विकत घ्यायच्या, कधी केळ्याच्या वड्यांवर, कधी नुसत्या गोड बोलण्यावर. वाचणाऱ्याच्या वाट्याचं काम ऐकणाऱ्यांनी करायचं, हाही कारखान्यातलाच जुना रिवाज. त्यामुळे या वर्षी मी एकदाही तांदूळ निवडला नाही. माझ्या शर्टांची बटणं जागेवर आली. पडदे शिवून झाले. शेजारपाजारचा घेवडा आमच्याकडे सोलायला यायला लागला आणि त्याच्याबरोबर शेजारणीही.

मी नसलो की मारित्सा वाचायची, सुई टोचावी तसं, झटकन, दुखायच्या आत संपवायचं. दायमी आधी फोनमध्ये डोकं घालून बसायची. जूनमध्ये तिने पहिल्यांदा भुताचा अख्खा वाडा वाचून दाखवला, प्रत्येक भुताला वेगळा आवाज दिला. सासूबाईंनी चावेत्याने टेबल ठोकून ठोकून पोरीला लाजवलं. मारित्सालाही दोनदा ठोका मिळाला.

मला नाही. मला वर्षभर खणकनच मिळालं. त्याला कारण होतं, पण ते मी कुणाला सांगितलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंचं ते "लक्ष ठेवा" माझ्या डोक्यात बसलं होतं. मी काय लक्ष ठेवणार? मला एकच तपासणी येत होती. महिन्यातून एकदा मी मुद्दाम चार पानं गाळायचो आणि पुढे वाचत राहायचो. तोंडाने शब्द यायचे, पण कान चावेत्याकडे लागलेले असायचे. मग खालून चावेता पडल्याचा आवाज यायचा, "काय रे आळशी, बोटीत बसलेली माणसं डोंगरावर कशी पोचली?" असं यायचं, आणि मी शिव्या खात खात मनात देवाचे आभार मानायचो. आवडीने शिव्या खाणारा या गावात मी एकटाच असेन.

आज वर्षाचा शेवटचा दिवस. मागे अंगणात डुक्कर भाजत होतं, शेजारी संगीत लावून बसले होते, जुन्या वर्षाची पीडा म्हणून रात्री बारा वाजता दाराबाहेर फेकायची पाण्याची बादली भरून ठेवली होती. मारित्सा युकाचे कंद सोलत होती, दायमी लसूण. सासूबाईंसमोर घेवडा. एका दीपगृहाच्या रखवालदाराची गोष्ट आज संपवायची होती. शेवटाकडे आल्यावर मी पाच-सहा पानं एकदम उलटली. डिसेंबरची तपासणी राहिली होती.

वादळाच्या मध्यातून मी एकदम शांत समुद्रावर आलो आणि थांबलो.

काहीच आवाज झाला नाही.

मी पुढे वाचलं. एक पान. दुसरं पान. सासूबाई मान खाली घालून घेवडा निवडत होत्या. चावेता टेबलावर होता तिथेच होता. रखवालदाराची बुडालेली बोट जशीच्या तशी किनाऱ्याला लागली होती, आणि त्यांना काहीच वाटत नव्हतं. माझे शब्द अडखळायला लागले. मारित्साने युकावरून नजर उचलली. मी शेवटचं वाक्य कसंबसं वाचलं आणि पुस्तक मिटलं. मला त्यांच्याकडे बघवेना.

"एवढा पांढरा नको पडूस," सासूबाई म्हणाल्या. "बोट बुडाली होती. माहीत आहे मला."

मी वर पाहिलं.

"दर महिन्याला चाललंय तुझं. गाळतोस आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून माझ्याकडे बघतोस, म्हातारी आहे का गेली. एप्रिलपासून ओळखून आहे मी. म्हटलं, आज गप्प बसून बघू, हा किती घाबरतो."

मारित्सा एकदा आईकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिली.

"एक दिवस खरंच कळणार नाही मला," त्या म्हणाल्या. "तेव्हाही थांबू नकोस. वाचत राहा, आणि एक पानही गाळू नकोस. ऐकलंस?"

"ऐकलं, आई," मी म्हणालो. इतक्या वर्षांत त्यांना सासूबाई सोडून दुसरी हाक मी मारली नव्हती.

त्यांनी चावेता उचलला. वाकड्या बोटांत तो नीट बसेना, म्हणून दोन्ही हातांनी धरला, आणि टेबलावर ठोकला. एकदा, दोनदा, मग थांबल्याच नाहीत. घेवड्याचे दाणे उड्या मारून जमिनीवर सांडले. दायमीने लसूण ठेचायचा बत्ता ठोकला, मारित्साने सुरीची मूठ.

मग सासूबाई म्हणाल्या, "आता जा मागे, वादळापासून सुरू कर."

मी नाक पुसलं, गाळलेली पानं शोधली आणि वाचायला लागलो.