बॅटरी बाकावर होती

शुद्धलेखन चुकेल, अक्षरही माझं वेडंवाकडं आहे, माफ करा. चौथीनंतर पेन हातात आलं ते सहीपुरतं. हे कुणाला दाखवायला लिहीत नाही… पण कधी कुणी वाचलंच, तर एवढं लक्षात ठेवा की मी भुताखेताला मानणारी बाई नव्हते. कुणाच्या अंगात आलं की मी उठून भाकरी थापायला जायचे.

आमची जुनी जीप आहे. आमचे हे ती भाड्याने चालवतात — वऱ्हाड, दवाखान्याचे पेशंट, असं. गेल्या उन्हाळ्यात तिच्या पुढच्या लाइटी फडफडायला लागल्या. खड्डा आला की मंद, मग लख्ख, मग गुडूप. एकदा पेशंट घेऊन नगरला जाताना वळणावरच अंधार झाला. तेव्हापासून रात्रीचं भाडं बंद.

श्रीगोंद्याच्या बाहेर, साखर कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्याला बबन मिस्त्रीचं गॅरेज आहे. तीन बाजूंनी पत्रा, पुढे पडवी आणि शटर. समोर एका म्हाताऱ्याची रसवंती. हंगाम संपून कारखाना बंद झालेला, त्यामुळे रस्त्याला चिटपाखरू नव्हतं. मला दम्याचं औषध आणायचं होतं म्हणून मीही सोबत गेले होते.

जीप शटरच्या आत, तोंड रस्त्याकडे. मिस्त्री बॉनेट उघडून वाकला होता.

"बल्ब बदलला, फ्यूज बदलला," हे म्हणाले, "आता काय डायवर बदलतो का?"

"भाऊ, बल्बचा दोषच न्हाई. अर्थिंग धरत न्हाई. वायर आतून खाल्लीया, होल्डर बी वितळलाय. समदं नवं टाकावं लागंल."

असं म्हणून त्याने बॅटरी सोडवली, उचलून बाकावर ठेवली. मी डोळ्यांनी पाहिलं.

हे मला म्हणाले, "तू अक्काकडं जाऊन बस." अक्का म्हणजे ह्यांची चुलतबहीण, मागच्याच गल्लीत राहते. मी निघाले, पण उन्हाने दम लागला. परत फिरले आणि गुपचूप जीपच्या मागच्या सीटवर आडवी झाले. बॉनेट वर होतं, त्यांना मी दिसले नाही.

जाग आली ती शटरच्या खडखडाटाने. वाटलं, उजेड कसा पडतो ते बघायला अंधार करत असतील. केस सुटलेले, पदर घसरलेला… परक्या माणसासमोर तशी कशी उतरू? म्हणून गप्प राहिले. तेवढ्यात कुलूप लागल्याचा आवाज आला. मग मोटारसायकल निघून गेली. दोघे वायर आणायला गेले होते. माझा मोबाईल आणि दम्याच्या पंपाची पिशवी ह्यांच्याकडेच.

वैशाखाचं ऊन, वर पत्रा. आत भट्टी झाली होती. मी शटर बडवलं. पण समोर रसवंतीचं चाक फिरत होतं, त्याची घुंगरं खळखळत होती. त्यात माझं बडवणं कुणाला ऐकू जाणार? "अहो… अहो…" असं ओरडले. नंतर माझं मलाच वाटलं, अहो म्हटल्यावर कोण समजणार कुणाला हाक मारतेय? नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही असं आईने शिकवलेलं. नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं म्हणायची.

छाती शिट्टीसारखी वाजायला लागली. मी जीपच्या बंपरला पाठ टेकून खाली बसले. डोळ्यांसमोर काळं यायला लागलं. आता इथेच संपले असं वाटलं… आणि मी ह्यांचं नाव घेतलं. मोठ्याने. लग्नानंतर पहिल्यांदा. ते नाव इथे लिहीत नाही.

तेव्हा लाइटी लागल्या.

माझ्या डोक्याच्या दोन्ही बाजूंनी उजेड शटरवर पडला. मंद, लख्ख, गुडूप. पुन्हा मंद, लख्ख, गुडूप. मी मान वळवली. बॅटरी बाकावरच होती. तिची तोंडं मोकळी. जीपमधली वायर नुसती लोंबत होती.

पुढचं मला अक्काने सांगितलं, तिला रसवंतीवाल्या म्हाताऱ्याने. पडवीच्या सावलीत शटरच्या भोकांमधून उजेड उघडझाप करताना म्हाताऱ्याला दिसला. त्याने मिस्त्रीला फोन लावला — "बबन्या, लाइटी चालू ठिऊन गेलायस. बॅटरी उतरंल की."

मिस्त्री म्हणाला, "बाबा, रसात काय घातलंय का आज? बॅटरी बाकावर हाय."

"मंग येऊन बघ की लेका."

शटर वर गेलं तेव्हा हे माझ्याकडे धावले. पंप तोंडात धरला. मिस्त्री मात्र दारातच उभा. लाइटी अजून चालू होत्या. त्याच्या डोळ्यांदेखत विझल्या.

"वहिनी… तुमी कशाला हात लावला व्हता का?"

मी मान हलवली. मला जीपचं दारसुद्धा धड लावता येत नाही.

त्याने नंतर बॅटरी जोडून बघितली. जुनीच वायर, जुनाच होल्डर. उजेड स्थिर. आजपर्यंत एकदाही फडफडला नाही. ह्यांचं रात्रीचं भाडं सुरू झालं. कुणी म्हणतं, वायरीत थोडा करंट राहिला असेल. मिस्त्री म्हणतो, एवढा वेळ राहतच नाही. मला काहीच सांगता येत नाही. ह्यांना मी नाव घेऊन हाक मारल्याचं सांगितलेलं नाही. रात्री गाडी दारात येईपर्यंत मात्र जागी असते.

मिस्त्रीने बल्ब-फ्यूजचे म्हणून आधी घेतलेले अडीच हजार परत द्यायचं मनावर घेतलं. आम्ही नको म्हणालो.

"मी केलं काय, वहिनी? तुमाला कोंडून ठिवलं. वर पैसं बी ठिऊ?"

हातात येतील तसे देत राहिला. परवा शेवटचे पाचशे घेऊन आला. मी पहिल्यांदाच चहा घेऊन त्याच्यासमोर गेले. त्याने नोट बशीखाली सरकवली, दारातल्या जीपकडे बघितलं आणि म्हणाला, "फिटलं." सगळे पैसे फिटले.