दुरुस्त केलेला ताल

माझ्या भावाच्या अल्बमवर बेस गिटार वाजवली ती कुलपं-किल्ल्या दुरुस्त करणाऱ्या एका माणसाने. तो अल्बम तुम्ही कुठे ऐकला असलाच, तर त्या माणसाचा एकही सूर तिथे त्याच्या जागेवर उरलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. मी गेली तीस वर्षं छापखान्यात प्रूफं तपासते. दुसऱ्याच्या मजकुरात हात किती घालायचा आणि कुठे आखडता घ्यायचा, हे मला कोणी शिकवायला नको. म्हणूनच जे झालं त्याने डोक्यात गेलेली तिडीक अजून उतरलेली नाही.

दादा स्मूद जॅझ वाजवतो. कानाला कुठे टोचणार नाही, गप्पांच्या आड येणार नाही, असं मऊ गिटारवादन. एका हॉटेलच्या लॉबीत, कुंडीतल्या मोठ्या झाडाशेजारी स्टूल टाकून त्याने बावीस वर्षं वाजवलं. एकदा वाजवताना एका पाहुण्याने त्याला जरा बाजूला सरकायला सांगितलं होतं, लिफ्ट आली का ते दिसत नाही म्हणून. दादा सरकला. वादकमंडळीत त्याला ‘लोणी’ म्हणतात ते वाजवण्यावरून, पण स्वभावालाही ते नाव शोभतं. आवाज चढवून बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं.

पण हेच लोणी सतराव्या वर्षी एका डान्स हॉलच्या बँडमध्ये होतं. फंक आणि डिस्कोचे दिवस होते. डाव्या हाताने तारा अर्धवट दाबून उजवा हात असा चालायचा की तारांतून चकचक-चकचक असा कोरडा, चटकदार आवाज निघायचा आणि समोरची पाचशे माणसं एका दमात हलायची. मी तेव्हा बारा वर्षांची. शनिवारी दुपारच्या कार्यक्रमाला आई मला दादाबरोबर पाठवायची, त्याच्यावर लक्ष ठेवायला.

त्या बँडमध्ये बेसवर जो माणूस होता, त्याला आता सगळे ‘चावीवाले’ म्हणतात. तेव्हा वय तेवीस. जाड तारांच्या त्या गिटारीवर त्यांचा सूर नेहमी किंचित मागून यायचा. ड्रमचा ठोका पडे, आणि पापणी लवायला लागतो त्याहूनही कमी वेळाने त्यांचा सूर उमटे. हे ते मुद्दाम करायचे. त्या एवढ्याशा फटीत नाचणाऱ्यांचे गुडघे वाकायचे. मला बारा वर्षांच्या पोरीला ते कळत नव्हतं. एवढंच कळायचं की ते आजारी असले आणि दुसरा कोणी बसला, की लोक लवकर दमून खुर्च्यांवर जायचे.

पुढे वारं फिरलं. डिस्को म्हणजे हसण्यावारी न्यायची गोष्ट झाली. हॉलमध्ये फर्निचरचं दुकान आलं. चावीवाल्यांनी वडिलांचं कुलपांचं दुकान सांभाळलं, दादा लॉबीत जाऊन मऊ झाला.

साठीला टेकल्यावर त्याला एका रेकॉर्ड कंपनीने बोलावलं. हॉटेलातल्या पाहुण्यांनी फोनवर टिपलेलं त्याचं वादन बरंच पसरलं होतं. “सर, तुमच्या मनाप्रमाणे अल्बम करा,” तिथले निर्मितीप्रमुख साहेब म्हणाले. दादाने सांगितलं, वर माझी नेहमीची मऊ गिटार राहील, पण तिच्याखाली त्या काळातला फंक आणि डिस्को हवा. जिवंत माणसांनी, एका खोलीत बसून, एकमेकांकडे बघत वाजवलेला. अल्बमचं नाव ‘डान्स हॉल’. साहेबांनी मान डोलावली, करार झाला.

दादा मला घेऊन चावीवाल्यांच्या दुकानी गेला. ते कानसेने किल्ली घासत होते.

“बेस आहे का अजून?” दादाने विचारलं.

“आहे. कपाटामागे. का रे, विकत घेतोस?”

“तुम्हालाच घ्यायला आलोय.”

त्यांनी किल्ली खाली ठेवली, दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले. “ही बोटं आता किल्ल्यांची झाली आहेत, लोण्या.” आणि लगेच, “किती वाजता यायचं?”

ड्रम्सवर दादाने एका ड्रायव्हिंग स्कूलच्या बाईंना घेतलं. शिकाऊ चालकांशेजारी दिवसभर बसून त्यांच्याकडे असा संयम आला होता की कोणी कितीही घसरलं तरी त्यांचा पाय बरोबर ब्रेकवर. दुपारी एकला दुकानाचं शटर अर्धं ओढून तालमी चालायच्या. एकदा ऐन भरात एक गृहस्थ शटरखालून वाकून आले. फ्लॅटचं दार लागलं होतं आणि चावी आत. चावीवाले बेस ठेवून गेले, वीस मिनिटांत दार उघडून आले, बेस गळ्यात अडकवली आणि विचारलं, “दुसऱ्या ओळीच्या तिसऱ्या ठोक्यावर होतो ना?” होते.

स्टुडिओत चार दिवस लागले. तिसऱ्या दिवशी चावीवाल्यांची बायको, आमच्या वहिनी, ऐकायला आल्या. काचेपलीकडे उभ्या होत्या. दुसऱ्या चालीला त्यांनी चपला काढल्या आणि पासष्टीतली ती बाई भिंतीशी एकटीच नाचायला लागली. ध्वनिमुद्रण करणारा मुलगा बटणं सोडून तिकडेच बघत बसला. मी आजवर कितीतरी मंडळींना संगीताबद्दल बोलताना ऐकलंय, पण त्या चपलांइतकं नेमकं कोणी काही बोललेलं नाही.

तीन महिन्यांनी कंपनीने दादाला तयार अल्बम ऐकायला बोलावलं. मीही गेले. राखाडी गालिचा, काचेचं टेबल, भिंतीत बसवलेले स्पीकर. साहेबांनी पहिली चाल लावली. छान स्वच्छ वाटत होतं. मला काहीतरी खटकलं, पण काय ते सांगता येईना. मग दादाकडे लक्ष गेलं. त्याचा गुडघा हलत नव्हता.

“हा बेस कोणाचा आहे?” त्याने विचारलं.

“तोच आहे सर. फक्त सरळ केलाय,” साहेब म्हणाले. “प्रत्येक सूर मागे पडत होता. नऊ चालींत काही हजार चुका होत्या! कॉम्प्युटरने अर्ध्या तासात सगळ्या बसवून दिल्या.”

“आणि ड्रम्स?”

“ते आपण मशीनचे घातले. बाई कुठे कुठे थोड्या पुढे पळत होत्या.”

“त्या पुढे जात होत्या म्हणून तर ते मागे राहत होते,” दादा म्हणाला. एवढंच.

साहेब समजूत घालायच्या सुरात बोलायला लागले. “सर, आजचा माणूस काम करता करता ऐकतो. त्याला मध्येच मान वर करावीशी वाटता कामा नये. म्हणून नावही बदललंय.” त्यांनी वेष्टनाचा नमुना पुढे सरकवला. ‘निवांत’. वर एका रिकाम्या आरामखुर्चीचा फोटो. मी सवयीने मागची बाजू वाचली. दादाचं नाव. आणि खाली बारीक अक्षरांत: ‘बेस व ड्रम्स: प्रोग्रॅमिंग’.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “चार दिवस दोन माणसं तिथे बसून वाजवत होती,” मी म्हटलं. “त्यांची नावं कुठे आहेत?”

“ताई, तुम्ही वादक आहात का?”

“नाही. प्रूफं तपासते.”

“मग चुका काढण्याचं महत्त्व तुमच्याइतकं कोणाला कळणार!” असं म्हणून ते हसले.

“कवीने मुद्दाम तोडलेली ओळ जोडून ठेवणारा माणूस,” मी म्हटलं, “आमच्याकडे दुसऱ्या दिवशी कामावर दिसत नाही. आणि लेखकाचं नाव खोडून तिथे ‘छपाईयंत्र’ लिहिणारा तर त्याच दिवशी दिसेनासा होतो.”

साहेबांनी घड्याळ पाहिलं. करारात अंतिम निर्णय कंपनीचा होता.

चावीवाल्यांना सांगायचं कोणी, यावर दादा आणि मी दुकानासमोर दहा मिनिटं उभे होतो. शेवटी मीच सांगितलं. “जाऊ दे गं,” ते म्हणाले, “चाळीस वर्षं मागेच राहिलोय मी. त्यांनी सरळ केलं तर केलं.”

त्यांच्या या बोलण्याने मला साहेबांपेक्षा जास्त संताप आला. पण मी तोंड उघडण्याआधीच वहिनी आतून आल्या. हातात ओला कपडा तसाच. “जाऊ दे काय? तुमच्या त्या मागे राहण्यावर मी नाचायला शिकले! हॉलमध्ये सगळे पुढे धावत होते, तुम्ही तेवढे थांबत होता, म्हणून तर मी तुमच्याकडे वळून बघितलं. ती चूक होती का? बोला ना! मग आपलं लग्न काय आहे?”

चावीवाले कानस शोधायला लागले. कानस समोरच होती.

प्रकाशनाचा समारंभ एका मोठ्या दुकानाच्या तळमजल्यावर सकाळी अकराला होता. दादाने स्टेजवर बसून अल्बमच्या वाजत्या ध्वनिमुद्रणावर आपली गिटार वाजवायची, असं करारातच होतं. पहिली रांग वार्ताहरांची. मुद्रण सुरू झालं. दादाचा हात तारांवर होता, पण चालत नव्हता. लोकांना वाटलं, रंगात येतोय. तो तसाच बसून राहिला, मशीनचे ठोके ओळीने पडत राहिले. मग त्याने माईक जवळ ओढला.

“माझ्याबरोबर दोन माणसं चार दिवस वाजवत होती,” तो म्हणाला. “या तबकडीवर ती नाहीत. त्यांच्या वाजवण्याला चूक म्हणून पुसलंय. मला या ठोक्यांवर वाजवता येत नाही. माझंही नाव काढा.”

माईक बंद झाला. साहेबांनी खूण केली होती. आणि साठ वर्षांत आवाज न चढवलेला माझा भाऊ उभा राहिला आणि माईकशिवाय, तळमजल्याच्या पार टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “बेस कुलपवाल्याने वाजवलाय! ड्रम्स गाडी शिकवणाऱ्या बाईंनी! लिहून घ्या!” वार्ताहरांपैकी एकीने खरंच लिहून घेतलं. बाकीचे फुकटच्या पिशव्या घेऊन गेले.

कंपनीने दादाचं नाव काढलं, हे मात्र तत्परतेने केलं. अल्बम एका भलत्याच, गोडशा बनावट नावाने बाहेर आला.

स्टुडिओतलं ध्वनिमुद्रण कंपनीच्या मालकीचं होतं, पण चाली दादाच्या होत्या. त्या पुन्हा वाजवायला वकिलाने हरकत नाही म्हटलं. तेव्हा एका सुट्टीच्या दिवशी ड्रायव्हिंग स्कूलच्या चार गाड्या रस्त्यावर काढून गॅरेज झाडून घेतलं. स्टुडिओतला तो मुलगा स्वतःहून यंत्रं घेऊन आला. तो कोणाच्या नजरेला नजर देत नव्हता. सूर सरळ करायचं बटण त्यानेच दाबलं होतं, सांगितलं म्हणून. चावीवाल्यांनी त्याला खुर्ची दिली आणि यंत्रांच्या वायरी सोडवायला मदत केली.

पाचव्या चालीत चावीवाल्यांचं बोट घसरलं. दादा वाजवणं संपवून म्हणाला, “सुंदर झालं. राहू दे तसंच.”

“राहू दे काय?” चावीवाले उसळले. मी त्यांना पहिल्यांदाच चिडलेलं पाहिलं. “ती चूक होती! मागे राहणं वेगळं आणि चुकणं वेगळं. तुला पण फरक कळेनासा झाला का?”

दादा ओशाळला. ती चाल त्यांनी सात वेळा वाजवली. सातव्या वेळी चावीवाल्यांनी मान हलवली, तेव्हा बाहेर गाड्यांवरचं ऊन उतरलं होतं आणि ड्रमवाल्या बाईंनी मनगटाला पट्टी बांधली होती.

‘डान्स हॉल’ची वेष्टनं आमच्या छापखान्यात छापली. मागच्या बाजूचं प्रूफ मी तीनदा वाचलं. तिघांची नावं, त्या मुलाचंही, सगळी एकाच आकाराच्या अक्षरांत. थोड्याच प्रती काढल्या. ज्यांनी नेल्या त्यांच्यातल्या काहींनी पत्रं पाठवली. एका बाईने लिहिलं की गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदा स्वयंपाकघरात पाय हलले. बाकी जगाला त्याचा पत्ता नाही.

‘निवांत’ मात्र सगळीकडे वाजतो. दाताच्या दवाखान्यात, बँकेत, फोनवर कोणी ‘कृपया थांबा’ म्हटलं की. मी दवाखान्यात तो बंद करायला सांगितला, तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, “कोणी तक्रार केली नाही हो अजून.” मी म्हटलं, “मी करतेय ना!” तिने आवाज थोडा कमी केला.

चावीवाले मागच्या महिन्यात एका बँकेत तिजोरीचं कुलूप उघडायला गेले होते. तिथे दीड तास तेच चालू. आल्यावर वहिनींना म्हणाले, “तो जो कोण बेसवर आहे ना, हात साफ आहे त्याचा. पण त्याला बायको मिळायची नाही.” दोघंही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. दादासुद्धा हसला.

मला नाही हसू आलं. मी कंपनीला दर महिन्याला एक पत्र लिहिते: वेष्टनावरची ‘प्रोग्रॅमिंग’ ही नोंद खोटी आहे, ती दुरुस्त करावी, खालील दोन नावं घालावीत. उत्तर एकदाच आलं, ‘आपली सुचना नोंदवून घेतली आहे.’ त्यात ‘सूचना’चा ‘सू’ ऱ्हस्व होता. मी तो लाल शाईने दीर्घ केला आणि पाचव्या पत्राबरोबर परत पाठवला.