शिखराला ठेवलेलं माहेरचं नाव

इथे आखातात, खोर फक्कानला लेकीकडे जाताना बसमध्ये शेजारी बसलेले ते गृहस्थ मला अजून आठवतात. मुसफ्फाच्या गॅरेजमधले मेकॅनिक, साठीचे, आपल्या साताऱ्याकडचे. बाहेर उघडेबोडके डोंगर लागले, की हे बोटाने एकेक शिखर काचेवर गिरवायचे.

"सवय आहे ताई," म्हणाले. तरुणपणी ते बर्फावरच्या गाड्या दुरुस्त करायला अंटार्क्टिकाला गेले होते. तिथे म्हणे अख्खा डोंगर बर्फात गाडलेला, वर नुसती शेंडी. मोठ्या शिखरांना साहेबांची नावं, बारक्यांना नुसते नंबर.

"त्यातल्या एकाला मी बायकोचं नाव ठेवलं. गोदावरी. माहेरचं. लग्नात मीच तांदळाच्या ताटात अंगठीने 'मंजिरी' लिहून ते बदललं होतं ना."

"मग? काय म्हणाली ती?"

"सांगितलंच नाही. नकाशावर थोडंच आहे? हसेल मला."

"अहो, इतकी वर्षं गप्प बसलात? यल्ला, चला, लावा फोन!" मी दटावलंच.

कमी ऐकू येतं म्हणून त्यांनी स्पीकर लावला. "गोदावरी," म्हणाले.

पलीकडून बायकोचा आवाज आला, "कोण बोलतंय?"

"मी गं." मग त्यांनी अडखळत सगळं सांगितलं, शिखराचं, नावाचं.

"अहो," ती हळूच म्हणाली, "परत एकदा हाक मारा ना."

मी खिडकीकडे तोंड वळवलं. माझंही नाव तसंच तांदळात बदललेलं. जुनं नाव स्वतःशी म्हणून बघितलं. जिभेला जरा नवखंच वाटलं.