गिटारची गवसणी

आई गेल्यापासून बाईंच्या घरात शिवणयंत्राखेरीज दुसरा आवाज नव्हता. आईचं करता करता लग्न राहून गेलं आणि पन्नाशी कधी उलटली ते कळलंही नाही. माणसं येत, पण मापापुरती. "बाह्या जरा सैल ठेवा," एवढं बोलून जिना उतरत.

एकदा एक उंच गृहस्थ गिटार घेऊन आला. "हिला गवसणी शिवाल? मापाला इथंच ठेवतो." गवसणी चार दिवसांत झाली, पण तो जो गेला तो गेलाच. फोनही लागेना. गिटार कपाटाला टेकून उभी राहिली, रुसून आलेल्या पाहुणीसारखी.

धूळ पुसताना बाईंचा हात तारेला लागला. आवाज खोलीभर फिरून विरला. बाई फडकं हातात धरून कितीतरी वेळ तशाच उभ्या होत्या.

मग त्यांनी फोनवर धडे शोधले. "मित्रांनो, अगदी सोपं आहे!" पडद्यावरचा मास्तर हसून म्हणाला.

"तुझं काय जातंय सांगायला," बाई म्हणाल्या. आयुष्यभर सुया टोचून घेतलेली बोटं, पण तारांनी त्यांनाही रडवलं. ई मायनर हा कॉर्ड दोन बोटांत जमला. जी आणि डी मात्र हाडवैरी निघाले. एकावरून दुसऱ्यावर बोटं पोहोचेपर्यंत गाणं पुढच्या गल्लीत गेलेलं असे. तरी दुपारचं काम आटोपलं, की बाई बसत. आई गुणगुणायची ते दोन ओळींचं गाणं त्यांनी तीन कॉर्डवर बसवलं. वहिनीला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "वन्सं, या वयात हे काय खूळ?" पुढे बाईंनी विषय काढला नाही.

पावसाळा सरता सरता तो गृहस्थ उगवला. वडिलांच्या आजारपणात गावी अडकला होता. "आहे अजून?" त्यानं ओशाळून विचारलं. मग तारांवरून बोट फिरवलं. "सुरात आहे की! कोण वाजवतं?"

"कुणी नाही," बाई म्हणाल्या, आणि कानांपर्यंत लाल झाल्या.

त्यानं गिटार त्यांच्यापुढे धरली. बाई वाजवू लागल्या, आवाज फाटला तरी दोन्ही ओळी म्हणाल्या. तो शेवटपर्यंत हलला नाही. "'जी'वरून 'डी'वर जाताना अनामिका उचलू नका," एवढंच म्हणाला. "ती तिथंच राहते." बाईंनी करून पाहिलं. खरंच, सरळ जमलं.

मग त्यानं गिटार गवसणीत घातली, आभार मानले आणि नेली. त्याचीच होती, अडवणार कशी?

त्या आठवड्यात बाईंनी दोन झंपर उलटे शिवले. रविवारी त्या वाद्यांच्या दुकानात गेल्या.

"नातवाला हवी का?" दुकानदारानं विचारलं.

"नाही. मला."

घरी आणून त्यांनी गिटार मांडीवर घेतली. बाहेर कुणाचं तरी दार वाजलं, हसणं ऐकू आलं, दार लागलं. बाईंनी तारा जुळवल्या आणि गाणं पहिल्यापासून सुरू केलं. ऐकायला कुणी नव्हतं. त्या पुरं म्हणाल्या.