सतरा शाली

माझ्या कपाटाचा खालचा खण शालींनी भरला आहे. मी काही मोठी विदुषी नाही. बऱ्हाणपूरच्या एका मराठी शाळेत पाचवीला गणित शिकवते. या शाली मला एकाच दिवसात मिळाल्या, चालल्याबद्दल.

आमच्या शाळेत घंटा देणाऱ्या मावशींचा डावा पाय साखरेच्या आजारात गुडघ्याखाली कापावा लागला. शिबिरात मिळालेला फुकटचा कृत्रिम पाय त्यांना बसेना, जखमा व्हायच्या. इंदूरला मापाने बनवलेला पाय मिळत होता, पण तो त्यांच्या पगारात कुठला यायला. पुण्याचा माझा भाचा लांबच्या शर्यती धावून असल्या कामांना पैसे उभे करतो. लोक आधी आकडा कबूल करतात, किलोमीटरमागे इतके. म्हटलं, धावणं काही आपल्याला जमायचं नाही, पण चालता तर येतं. तापीचा पूल ओलांडून जैनाबादवरून फोपनार आणि परत, एका दिवसात, पायी. शाळेच्या ग्रुपवर टाकलं आणि आकड्यांची रांग लागली. मी लगेच मावशींना जाऊन सांगूनही आले की दिवाळीच्या आत तुम्ही दोन पायांवर उभ्या राहाल. हे सांगायला नको होतं.

तीन महिने रोज पहाटे पुलावर चालले. अंगठ्याचं नख काळं पडून गळलं. नवरा म्हणाला, "रिक्षाने जाऊन ये, फोटो तसेच येतील." तेव्हा मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

ठरल्या दिवशी शाळेच्या फाटकातच मुख्याध्यापकांनी शाल आणि नारळ दिला. पुलाअलीकडे व्यापाऱ्यांनी मंडप घातला होता. तिथेही शाल, नारळ आणि वर पोहे. जैनाबादला शाल. पुढे केळीच्या बागांमधल्या रस्त्यावर एकाने ट्रॅक्टर थांबवून मला जाडजूड शाल पांघरली आणि फोटो निघेपर्यंत भर उन्हात हलू दिलं नाही. फोपनारला तर पाच. सोबत स्कूटरवर येणारी माझी सहकारी नारळ पोत्यात भरत होती. खोटं कशाला बोलू, मला ते आवडत होतं. अंगावर मूठभर मांस चढलं होतं. दुपारनंतर समोरच्याने पिशवीत हात घातला की माझी मान आपोआप वाकायची.

संध्याकाळी परत आले तर शाळेच्या पटांगणात स्टेज उभं होतं. मावशींना कडेला खुर्चीवर बसवलं होतं. कुणाच्या तरी डोक्यातून निघालं की शेवटची शाल त्यांच्याच हातून घातली जावी. शाल घालायला दोन्ही हात लागतात, म्हणून त्यांना कुबड्या सोडाव्या लागल्या. एका पायावर त्यांचा तोल गेला, कुणीतरी मागून धरलं. फोटोवाला म्हणाला, "एक बार फिर से, मॅडम. पीछेवाला हाथ दिख रहा है." मग शाल काढून पुन्हा घातली गेली. तेव्हा मला "राहू द्या" म्हणता आलं असतं. मी पुन्हा मान वाकवली.

आठवडा झाला तरी कबूल केलेले पैसे येईनात, म्हणून मी एकेकाला फोन केले. एक दुकानदार, ज्याने ग्रुपवर सर्वांत मोठा आकडा लिहिला होता, तो खरोखरच गोंधळला. "सत्कार तर केला ना आपण, मॅडम. शाल हलकी होती का?" लबाड असता तर मला भांडता आलं असतं. पण त्याच्या हिशेबी देणं फिटलं होतं. त्याच्याच काय, सगळ्यांच्याच. मंडप, बॅनर, पोहे आणि शाली यांच्या पैशात इंदूरचा पाय आला असता. पाकिटात जे जमलं त्यात जेमतेम तिथे जाऊन यायचं भाडं निघत होतं. मी माझी भर घातली, तरी पाय लांबच राहिला. मला संताप आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या मानेचा.

पाकीट घेऊन मावशींकडे गेले. त्यांनी ते उघडलं नाही. माझ्या पायांकडे बघत म्हणाल्या, "लई फोड आले म्हने तुमच्या पायाले. बसा ना, मॅडम."

मी दिवाळीचं काहीतरी बोलायला लागले, तर त्यांनीच विषय बदलला. "एक शाल द्याल का? जाडीवाली. कुबडी काखेत रुतते."

मी दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरवाल्याची शाल नेऊन दिली. त्यांनी ती कुबडीच्या डोक्याला घट्ट गुंडाळून सुतळीने बांधली.

याला दोन वर्षं झाली. पाकिटातले पैसे औषधांत गेले. मावशी अजून कुबड्यांवरच घंटेपाशी जातात. घामाने शाल विरली की संकोचत दुसरी मागतात. आजवर तीन गेल्या. चौदा शिल्लक आहेत.